आज तुम्ही फक्त बसायचं

"आई, आज तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. फक्त बसायचं," सुनेनं पुन्हा एकदा बजावलं.

"बसते की," सासूबाई म्हणाल्या आणि बोलता बोलता त्यांनी खुर्च्यांची एक अख्खी रांग सरळ करून टाकली.

"आई."

"अगं, हात आपोआप गेला."

नगर मंडळातून तीन जुने स्वयंसेवक त्या दिवशी निवृत्त होत होते: सासूबाई, वायरमनकाका आणि शिंपीमामा. गळक्या नळापासून भांडखोर शेजाऱ्यांपर्यंत गावातलं जे जे बिघडेल ते या तिघांनी वर्षानुवर्षं फुकट दुरुस्त केलं होतं. त्यांचा सत्कार करायचं सर्वानुमते ठरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की मंडळाचे सगळे सत्कार आजवर हेच तिघं पार पाडत आले आहेत.

"सासूबाईंशिवाय कार्यक्रम म्हणजे भूल न देता दाढ काढण्यासारखं," नवे अध्यक्ष म्हणाले. ते पेशानं दातांचे डॉक्टर होते, त्यामुळे बैठकीतले सगळेच जरा दचकले.

सून मंडळाची नवी सचिव. तिला ते लागलं. "आईंनी बोटही न लावता कार्यक्रम करून दाखवते. नाही जमलं तर सचिवपद सोडते," ती भर बैठकीत बोलून बसली. सासूबाई तेव्हा सगळ्यांसाठी चहा गाळत होत्या.

संध्याकाळी सभागृह भरलं. तिघं सत्कारमूर्ती मंचावर, शेजारी अध्यक्ष. सून माईकपाशी गेली आणि माईकनं कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज काढला.

"त्याच्या वायरवर अंगठा दाबून धरावा लागतो," वायरमनकाका जागेवरून म्हणाले.

"कुणी धरायचा?"

"मीच धरायचो."

काका प्रत्येक कार्यक्रमात वक्त्याच्या शेजारी अदबीनं का उभे राहतात, याचा उलगडा गावाला त्या दिवशी झाला. आजवर लोक त्याला विनय समजत होते. काका उठले, खाली वाकले आणि अंगठा दाबून बसले. त्यांची खुर्ची रिकामी झाली.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि वाऱ्यानं मंचामागचा फलक अध्यक्षांच्या डोक्यावर आणून घातला.

"कडी मोडलीय त्याची. पाठ लावून बसलं की राहतं," शिंपीमामा म्हणाले. मामा कायम सगळ्यात मागे दाराला टेकून बसायचे. तोही विनय नव्हता तर. मामा निमूटपणे मागे गेले आणि दाराला टेकले.

मंचावर आता सत्कारमूर्ती म्हणून एकट्या सासूबाई उरल्या. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. मोकळे सोडले तर काहीतरी आवरतील अशी भीती त्यांनाच वाटत असावी.

सुनेनं हार मानली नाही. काकांचं सन्मानचिन्ह तिनं जमिनीवर बसून दिलं. काकांचा अंगठा अडकलेला, म्हणून ते त्यांच्या काखेत खोचलं. मामांचं मागे नेऊन दिलं. ते घ्यायला मामा किंचित पुढे झुकले आणि फलक पुन्हा अध्यक्षांच्या डोक्यावर आला.

"चालू द्या," फलकाखालून अध्यक्ष म्हणाले.

आता सासूबाईंची पाळी. फोटोग्राफरनं आपला मोठा दिवा लावायला माईकच्याच बोर्डात पिन खुपसली. फट्‌ असा आवाज झाला आणि सभागृहात मिट्ट काळोख.

"फ्यूज गेला," अंधारातून काका म्हणाले. "अडगळीच्या खोलीत आहे. दार उचलून ढकलावं लागतं."

"कुणीही जागचं हलायचं नाही. मी बघते," सून ठामपणे म्हणाली आणि पहिल्याच पावलाला अध्यक्षांवर आपटली. "आई, तुम्ही बसलाय ना?"

"बसलेय गं," सासूबाईंचा आवाज आला. तो मंचाच्या पायऱ्यांवरून आल्यासारखा वाटला.

दार उचलून ढकलल्याचा आवाज झाला.

"आई?"

"बसलेय म्हटलं ना," अडगळीच्या खोलीतून उत्तर आलं.

मग स्टूल सरकलं. मागच्या दारावर हातोडीचे ठोके पडले. कुणीतरी कुणाला तरी "पाय उचल रे" म्हणालं.

दिवे आले. फलक ताठ उभा होता. मागच्या दाराला नवी कडी होती आणि मामा आपल्या खुर्चीत होते. माईकच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. काका आपल्या मोकळ्या अंगठ्याकडे परक्यासारखे बघत होते. सासूबाई जागच्या जागी, हात मांडीवर, केसांत कोळ्याचं हे मोठं जाळं.

"मानलं तुम्हाला, सचिवबाई," अध्यक्ष डोकं चोळत म्हणाले. "आम्हाला वाटलं होतं नाही जमायचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात सासूबाई वाजवत होत्या.

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वर छताकडे पाहिलं. सुनेनं घसा खाकरला आणि माईकमध्ये म्हणाली, "आज माझ्या सासूबाईंनी काहीही केलेलं नाही, याचा मला अभिमान आहे."

सासूबाईंनी संकोचून मान डोलावली. सून सन्मानचिन्ह द्यायला वाकली, तेव्हा तिनं हळूच त्यांच्या केसांतलं जाळं काढलं. सासूबाईंना चांगलीच धाप लागली होती.

"फार दमायला होतं गं नुसतं बसून," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी हळहळत अध्यक्षांकडे पाहिलं. "या माणसाला कसं झेपत असेल?"