माश्या कुणीकडं राहिल्या?

शामराव मास्तरांचं बोलणं आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. शाळेत घंटा व्हायची, घरी बायको उठून जायची. म्हणून परळच्या त्यांच्या चाळीनं सार्वजनिक सत्यनारायणानंतर ‘फुलं आणि मधमाश्या’ या विषयावर त्यांचं व्याख्यान ठेवलं तेव्हा गडी हरखून गेला. आणि नेमकं त्याच दुपारी एक आख्खं मोहोळ येऊन लाउडस्पीकरच्या कर्ण्याला लटकलं!

“घ्या! तुमचं ऐकायला आलं हो कुणीतरी,” अंबिकाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

चाळीचे सेक्रेटरी कुशाबा काकडा पेटवूनच धावले. “मास्तर, देऊ का धुरी?”

“खबरदार!” शामराव आडवे आले. “दहा कोटी वर्षं माश्या फुलांच्या मागं हिंडतायत. जिथं फूल, तिथं माशी. फुलं हलवा, माश्या आपोआप हलतील.”

“नक्की?”

“शास्त्र आहे!”

शास्त्र म्हटल्यावर चाळ काय मागं राहते! दारांची तोरणं उतरली, बायकांच्या वेण्या सुटल्या, चौरंगावरचे हारसुद्धा निघाले. “अहो, देव उघडा पडला!” म्हणून भटजी बोंबलत राहिले. आवाजानं माश्या चवताळतात, तेव्हा तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं ठरलं आणि सगळी चाळ हातात झेंडू घेऊन मुकाट्यानं मैदानाकडं निघाली. पुढं शामराव. माश्या बिचाऱ्या प्रवासानं दमलेल्या, त्यांना फुलाबिलात काडीचा रस नव्हता. त्या कर्ण्यावरच राहिल्या.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे, त्यात जमावबंदी लागलेली. घोषणा देणारे मोर्चे नाक्यावरच्या हवालदारानं पुष्कळ बघितले होते, पण हा मुका प्रकार बघून तो हादरलाच.

“कसला मोर्चा हा?”

“मधमाश्यांचा,” शामराव कुजबुजले.

“माश्या कुठायत?”

शामरावांनी मागं वळून बघितलं. “येतीलच इतक्यात.”

सगळ्यांची रवानगी चौकीच्या कोठडीत झाली. शामरावांनी चौफेर नजर टाकली. इथं घंटा नव्हती आणि बायकोला उठून जायला दार उघडं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. “तर मंडळी, सुरुवातीला फुलं नव्हतीच...”

“अगं बाई!” अंबिकाबाईंनी कपाळावर हात मारला.

शेवाळ झालं, नेचे झाले, तरी फुलं काही येईनात. कुशाबांनी गज धरून टाहो फोडला. “हवालदारसाहेब, घोषणा दिल्या आम्ही! कबूल! पण मोठ्या तुरुंगात न्या!”

हवालदाराचं लक्ष नव्हतं. तो स्टूल ओढून गजांना कान लावून बसला होता.

“तेव्हा आफ्रिका आणि अमेरिका एकच मुलूख होता असं म्हणतात. मग तो फाटला,” शामराव सांगत होते.

“भाषेवरून?” हवालदारानं विचारलं.

“छे हो! जमीनच सरकली.”

“आणि माश्यांचं काय?”

“त्यांना कोण विचारतंय!”

“आपल्यासारखंच म्हणा की,” हवालदार हळहळला.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला: मंडळी वेडी आहेत, सोडून द्या. सगळी चाळ दाराशी लोटली. शामरावांचा चेहरा उतरला. आजही शेवट राहणार होता.

हवालदारानं किल्ली काढली, कुलपाला लावली आणि परत खिशात टाकली.

“बसा खाली सगळे!” तो गरजला. “आधी माश्या कुणीकडं राहिल्या ते कळू दे!”