चेनवरची पिवळी खूण

चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. तांदळाच्या कणीएवढी चाकं चिमट्यानं बसवणाऱ्याला गाडीच्या इंजिनाचं काय कौतुक? इंजिन म्हणजे बाळसं धरलेलं घड्याळ, असं मी शेजारच्या मेकॅनिकला छाती फुगवून सांगितलं.

घाईला कारण होतं. सासूबाईंचा पाय मोडला म्हणून बायको माहेरी गेली, त्याला अडीच महिने झाले. मी अजूनही सकाळी दोन कप चहा करत होतो आणि दोन्ही मीच पीत होतो. गाडीच्या इंजिनातली चाकं एका तालात ठेवणारी टायमिंग चेन बदलायची आणि रविवारी तिला घेऊन यायचं, असा बेत होता.

मेकॅनिक म्हणाला, "काका, चेनच्या दोन कड्यांना पिवळा रंग असतो. एक वरच्या चाकाच्या खुणेवर आणायची, एक खालच्या. एक दात जरी चुकला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील."

"चाकं आणि दात मला शिकवतोस?"

मग घड्याळजीच्या सवयीनं मी नवी चेन आधी पेट्रोलमध्ये घासून काढली. इतकी स्वच्छ, की पिवळा रंगही गेला. साऱ्या कड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसू लागल्या. अंदाजानं चेन चढवली, पान्यानं इंजिन फिरवून पाहिलं, तर अर्ध्यातच अडलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. तो कानाला लावूनच मी कुंपणापलीकडच्या मेकॅनिकला ओरडून सांगितलं, "अरे, चेन धुतली आणि आता सापडतच नाही!" खूण हा शब्द घाईत गिळला गेला.

"कुठली चेन? माझी?" एवढं ऐकू आलं, आणि ग्रीसनं माखलेल्या हातातून फोन निसटून तेलाच्या ट्रेमध्ये बुडाला.

मेकॅनिक आला. जुन्या चेनशेजारी नवी ठेवून त्यानं कड्या मोजल्या आणि खुणा पुन्हा रंगवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चेन बसली. इंजिन दोनदा हातानं फिरवलं, कुठं अडलं नाही. किल्ली फिरवली, तर मांजरासारखं गुरगुरू लागलं.

आणि फाटकाशी टॅक्सी थांबली. बायको उतरली, माझ्याकडे न बघता थेट आतल्या कपाटाशी गेली. सोन्याची चेन डबीत जागच्या जागी होती. मग कुठं तिला माझे काळे हात दिसले. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मला आणायला हा खटाटोप?"

"हो."

तिनं पर्समधून रुमाल काढला. माझ्या नाकावरचं ग्रीस पुसत म्हणाली, "आईला शेजारणीवर सोपवून आलेय हो. अंधार पडायच्या आत परत जायला हवं. अजून महिनाभर तरी तिला एकटं सोडता येणार नाही. गाडी झालीच आहे, तर पोचवा मला."

दोन तासांच्या रस्त्याला मी साडेतीन तास लावले. नवी चेन सुरुवातीला जपावी लागते, असं तिला सांगितलं. असं काही नसतं. बहुधा तिलाही ते ठाऊक असावं, कारण एरवी माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवणारी ही बाई, त्या दिवशी एकदाही घाई करा म्हणाली नाही.