नानांचे गच्चीवरचे बैल

आमचे शेजारी बबननाना रोज सकाळी आधी सोलरच्या प्लेटांना आंघोळ घालतात, मग स्वतः करतात. जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसताना त्यांचं बोलणं चालूच असतं. "हल रं कावळ्या! तुझ्या बापानं बसवलंय व्हय?"

चाकणजवळच्या आमच्या गावात बहुतेक शेतांवर आता कंपन्यांच्या शेड आहेत. मधल्या तुकड्यात नाना कोबी लावतात. घरालगतच्या विहिरीवरची मोटर गच्चीवरच्या सोलरवर चालते, आणि या सुखाचं वर्णन ते एकाच वाक्यात करतात, "सूर्याला मीटर न्हाई."

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून नानांच्या लेखी सरकारचे सगळे कायदे मला पाठ असावेत.

"म्याडम, शेतकऱ्याला इन्कम टॅक्समधी सूट द्या म्हनावं. समदा गाव सोलर बसवील."

मी चाचरत सांगितलं, "नाना, शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स लागतच नाही."

नानांनी हातातलं फडकं पिळलं. "मंग आधी लावा म्हनावं, अन् मंग सूट द्या!"

बैल विकल्यापासून नाना पोळ्याला प्लेटांनाच झेंडूच्या माळा घालतात. गेल्या पोळ्याला वर गुलालाचे ठसेही उमटवले. मोटर धापा टाकून बंद पडली. मी भीत भीत म्हटलं, "गुलालामुळे ऊन अडतंय, नाना."

"सणाला बैलालाबी कुनी औताला जुंपत न्हाई, पोरी. बसूं दे निवांत."

पुढे ग्रामसभेत खरंच ठराव झाला. ज्या शेतकऱ्याच्या राहत्या घरावर सोलर, त्याला घरपट्टीत सवलत. नाना गावभर सांगत सुटले, जणू ठराव त्यांच्याच गच्चीवर उगवला होता.

ग्रामसेवक भाऊसाहेब पाहणीला आले. नानांनी चहा ठेवला, मला साक्षीला बोलावलं. भाऊसाहेबांनी गच्ची पाहिली आणि खाली येऊन थांबले. प्लेटा होत्या त्या नानांच्या मुलाच्या, सुनीलच्या दोन खोल्यांवर. नानांनी त्या खोल्या त्याच्या लग्नात बांधल्या, त्याच्याच नावावर केल्या. सुनीलदादा पिंपरीच्या कारखान्यात आहे आणि तिकडेच दिघीला राहतो. खोल्यांना कुलूप होतं.

"नाना, हे राहतं घर नाही," भाऊसाहेब समजुतीनं म्हणाले. "सुनील इथं राहत नाही एवढं सांगा. दोघांच्या सहीनं खोल्या तुमच्या घराला जोडून घेऊ. सवलत तुमचीच."

मीही म्हटलं, "सोपं आहे, नाना."

नाना कुलपाकडे बघत राहिले.

"ऱ्हातो की," ते म्हणाले.

"मग कुलूप?"

"शिफ्टला गेलाय."

"अहो, कधीपासून?"

"शिफ्ट लांबलीय त्याची."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात. सवलतीविना ते निघून गेले. नाना दुसऱ्या दिवशी जाऊन पूर्ण घरपट्टी भरून आले.

त्या संध्याकाळी कपडे काढायला मी गच्चीवर गेले. पलीकडे, कुलूप लावलेल्या दाराशी सोलरचा दिवा लागलेला दिसला. विसरले असतील असं वाटून मी हाक मारली, "नाना, तिकडचा दिवा चालू राहिलाय. बंद करू का?"

नाना ओट्यावर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून.

"ऱ्हाऊं दे, पोरी," ते म्हणाले. "सूर्याला मीटर न्हाई."