सुभानजी कातवडे यांचे विमानास दोन टाक्या बसविल्या त्याची हकिकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. जी वारा देते तीच उतरायास जमीनही देते, तिला आधी दंडवत घालोन, मग राज्यकर्त्यांस मुजरा करोन, घडले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सर, श्रावण मास. ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याची परवानगी मिळाली नाही, सबब लिहिले नाही. राज्य लहान, परंतु मान मोठा. गादीवर श्रीमंत सरकार विराजमान होते आणि गादीखाली घराण्याच्या दोन पात्या होत्या. थोरल्या पातीचे धनी आबासाहेब आणि धाकट्या पातीचे धनी बापूसाहेब. विडा आधी थोरल्या पातीस, मग धाकट्या पातीस. पंगतीत पहिला भात थोरल्या पातीस. कोठे आग लागली तर पाण्याची पहिली घागर थोरल्या पातीच्या दारी ओतावी आणि मग जळत्या घरावर, ऐसा शिरस्ता होता. घरे जळाली, शिरस्ता राहिला.

त्या राज्यात सुभानजी कातवडे म्हणोन पागेचे जुने दारोगे होते. पागेतील घोडे म्हातारे होवोन मेले, नवे कोणी घेतले नाहीत, मग रिकाम्या हातांस काम म्हणोन सुभानजींनी परसातील गोठ्यात सहा वर्षे खपोन एक लहान विमान बांधिले. लाकूड, कापड, पत्रा आणि एक जुने इंजिन. माणसे दोन मावत, तीही शेजारी शेजारी आणि भांडण नसले तर. लोक हसले. विमान उडाले. मग लोक म्हणाले की आम्ही आधीपासोन हेच सांगत होतो.

विमान बांधण्यास खरे कारण इतकेच की सुभानजींची एकुलती लेक ठकूबाई डोंगरापलीकडील राज्यात दिली होती. लग्न झाले आणि त्याच साली घाट ढासळोन वाट बंद जाहली. वाट मोकळी करण्याचा हुकूम निघाला, परंतु पहिली कुदळ कोणत्या पातीने मारावी याचा निकाल होत होता, तो अद्याप होत आहे. वळसा घालोन जावे तर चार महिने चालावे लागे. त्या वाटेने एक बैरागी आला, त्याजपाशी व्याह्यांचा निरोप होता की गौरी बसण्याआधी लेकीस न्यावयाचे असेल तर या, आम्ही आडवे येत नाही. या खेपेस नेली नाही तर पुन्हा धाडणार नाही, माहेर सुटले ऐसे समजावे. निरोप ऐकोन सुभानजींची पत्नी मैनाबाई चुलीपुढे बसल्या आणि विझलेली चूल फुंकीत राहिल्या.

अडचण ही की विमानाच्या टाकीत जाण्यापुरतेच पेट्रोल मावे आणि व्याह्यांच्या मुलखी पेट्रोल मिळत नव्हते. मग सुभानजींनी परतीचे पेट्रोल नेण्यास एक मोठी टाकी झाळोन बसण्याच्या जागेमागे बसविली आणि तोंडापर्यंत भरिली. तेव्हा विमानाने नाक आभाळाकडे केले आणि शेपटी टेकोन कुत्र्यासारखे खाली बसले.

"हे तर बसलं की हो!" मैनाबाई म्हणाल्या.

"दमलं असेल," सुभानजी म्हणाले, आणि टाकी काढोन टाकिली. मग विचार केला की वजन दोहों पंखांत सारखे वाटावे. उजव्या पंखात एक टाकी, डाव्या पंखात एक, दोहोंच्या तोट्या हाताशी, आणि घडीभर या टाकीचे, घडीभर त्या टाकीचे पेट्रोल वापरीत जावे म्हणजे तोल राहील. विचार उत्तम होता. परंतु परराज्यात उड्डाण करणे तर दरबारची परवानगी हवी, आणि पेट्रोल तो सरकारी कोठीत. सबब सुभानजी दरबारी गेले आणि दोन टाक्या म्हणोन बोलले. तेथे चुकले.

दोन म्हणताच दोन्ही पात्या जाग्या जाहल्या. आबासाहेब म्हणाले, उजव्या पंखाची टाकी आमच्याकडोन. बापूसाहेब म्हणाले, तर डावी आमच्याकडोन. दोघांनी आपापले पेट्रोलही देऊ केले आणि दरबारात वाहवा जाहली. सुभानजींचे डोळे भरोन आले. मग कारभारी विसाजीपंत उठले आणि म्हणाले, "सुभानजी, आधी थोरल्या पातीची टाकी संपवायची. ती पुरती संपल्याशिवाय धाकटीच्या तोटीला हात लावायचा नाही."

"पंत, तसं केलं तर एक पंख हलका आणि एक जड होईल. विमान कलंडेल."

"आजवर या राज्यात धाकटी पाती आधी जेवली आहे का?"

"नाही. पण आजवर राज्य उडालंही नव्हतं."

"म्हणून काय उडताना रीत सोडायची?" पंतांनी विचारिले, आणि सरकारांनी मान डोलाविली. मग डाव्या तोटीस सुतळी गुंडाळोन वर लाख ओतिली आणि दरबारी मोहोर उमटविली. वेळेआधी मोहोर फुटली तर विमान सरकारजमा, ऐसा हुकूम जाहला. सुभानजींनी मुजरा केला. घरी येवोन म्हणाले, "विमान गेलं तर पुढच्या गौरीला तिला आणू कशानं? मोहोर काही मी फोडत नाही. विमानाचा दांडा हात मोडेपर्यंत धरून ठेवीन."

गौरींच्या आदले दिवशी आभाळ उघडे मिळाले आणि सुभानजी उडाले. जाताना मधली जुनी टाकी पुरली. व्याह्यांच्या माळावर उतरले, तेथे ठकूबाई गाठोडे घेवोन उभीच होती. जावई भला माणूस, त्याने गाठोडे चढविले. व्याही कडक, त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारोन विचारिले, "हे पोचतं ना?" सुभानजी म्हणाले, "येताना तर पोचलं." मग बापलेक निघाले आणि सुभानजींनी हुकमाप्रमाणे उजवी तोटी उघडिली.

निम्मे डोंगर ओलांडेतो उजवा पंख हलका जाहला आणि विमान डावीकडे झुकू लागले. सुभानजींनी दांडा उजवीकडे दाबोन धरिला. विमान आणखी झुकले, त्यांनी आणखी दाबिला. खांद्यास कळ लागली आणि कपाळावरील घाम डोळ्यांत उतरला.

"बाबा, आपण वाकडे चाललोय."

"चालू दे. तू उजवीकडे सरक जरा. गाठोडंही घे तिकडं."

ठकूबाई सरकली. विमान सरळ जाहले नाही.

"आणखी सरक."

"आणखी कुठं सरकू? दाराबाहेर?" ठकूबाई म्हणाली. मग तिची दृष्टी तोटीवर गेली. "ही लाख कसली?"

सुभानजींनी दोन्ही पात्यांचा मान, पंतांचा हुकूम आणि मोहोरेची शर्त ऐसे सर्व सांगितले. ठकूबाईने ऐकोन घेतले आणि खाली पाहिले. खाली दगड होते.

"असं वाकडं उतरता येईल?"

सुभानजींनी दांडा दोन्ही हातांनी आवळोन धरिला. तेव्हा तिला कळले की येणार नाही.

"मग फोडा की!"

"फोडली तर विमान जाईल, ठके. मग तुझं माहेर सुटलं."

"आणि आपटलो तर राहतंय का माहेर? हुकूम कुणाला आहे, तुम्हाला ना? मी कुठं त्यांची आहे आता?" ऐसे म्हणोन तिने केसांतील आकडा काढिला, लाख फोडिली, सुतळी दातांनी तोडिली आणि डावी तोटी उघडोन उजवी बंद केली. सुभानजी नको म्हणाले, परंतु फार मोठ्याने म्हणाले नाहीत. मग डावा पंख हळूहळू हलका होत गेला आणि गाव दिसेतो विमान सरळ जाहले. उतरले तेव्हा एक चाक वाकले, माणसे शाबूत राहिली. मैनाबाईंनी भाकरतुकडा ओवाळोन टाकिला आणि लेकीस पोटाशी धरिले. मागाहोन पंतांनी तोटी पाहिली आणि बापलेकीस तेथोनच दरबारी नेले.

आबासाहेब म्हणाले, "आमच्या टाकीत शिल्लक असताना धाकट्यांची तोटी उघडली! आमच्या पेट्रोलात काय खडे होते?"

बापूसाहेब म्हणाले, "उतरलं ते आमच्यावर उतरलं, आबासाहेब. तुमचं उरलंय ते घरी न्या आणि पूजा करा."

"मोहोर कोणी फोडली?" पंतांनी विचारिले.

"मी," ठकूबाई म्हणाली.

"कोणाच्या हुकमाने?"

"खाली दगड दिसले, त्यांच्या."

"तू या राज्याची लेक ना?"

"होते. लग्नात तुम्हीच म्हणालात ना काका, की आता ही परक्याची झाली? अक्षता टाकल्यात, जेवलात आणि गेलात. मग परक्याच्या माणसाला तुमचा हुकूम कसा लागेल?"

सरकारांनी पंतांकडे पाहिले आणि पंतांनी छताकडे. मग मोठी मसलत पडली. परराज्याच्या बाईस दंड करावा तर लढाई होईल, आणि लढाई जाहली तर पहिला गोळा कोणत्या पातीने झाडावा हा पेच उभा राहील, सबब दंड नको. सुभानजींनी हात लाविला नाही, सबब विमान सरकारजमा करता येत नाही. परंतु मान तो राखिलाच पाहिजे. मग ऐसा निवाडा जाहला की दोहोंचा मान समान राहावा म्हणोन दोन्ही तोट्यांस लाख आणि मोहोर करावी, आणि कोणती आधी उघडावी याचा निकाल होईतो विमान जागचे हलवू नये.

सुभानजी मान खाली घालोन घरी आले आणि म्हणाले, "घ्या! दोन्ही बंद केल्या. आता हिला सासरी पोचवायची कशी?"

मैनाबाई गौरींच्या नैवेद्याचे पीठ भिजवीत होत्या. हात थांबवोन म्हणाल्या, "विसाजीपंत भला माणूस आहे हो. मी उगाच नावं ठेवत होते."

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. ठकूबाई आहे. जावईबापू वळशाच्या वाटेने तिला न्यावयास पायी निघाले ऐसे ऐकतो. एवंच, राज्याचा मान राहिला, दोन्ही पात्या संतुष्ट जाहल्या, टाक्या मोहोरबंद आहेत आणि विमान उभे आहे. निकाल लवकर व्हावा म्हणोन सुभानजींनी अर्ज केल्याचे दफ्तरी कोठे आढळत नाही. येथे हकिकत पुरी जाहली, वाचणारांस सुख असो.