तीन लाल शेरे

आठवी ब च्या वर्गशिक्षकांना मुलं पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत, कारण जे मोजता येत नाही ते ध्येयच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी प्रत्येक मुलाला एक कार्ड दिलं होतं. त्यावर ध्येय, आकडा आणि मुदत लिहायची. चांगल्या वागणुकीला हिरवा शेरा, वाईट वागणुकीला लाल. तीन लाल शेरे झाले की वडिलांनी जातीने शाळेत यायचं. आई, मामा, शेजारी कोणी चालणार नाही.

वर्गात एका गरीब स्वभावाच्या मुलाला सगळे ‘गोगलगाय’ म्हणत. त्याचे वडील दूर पुलाच्या कामावर क्रेन चालवत. सात महिने ते घरी आले नव्हते. फोन यायचा, पण त्यात वडिलांपेक्षा यंत्रंच जास्त बोलायची. गोगलगाईला वडिलांची इतकी आठवण यायची की त्यांचे जुने बूट तो उगाच पुसून ठेवायचा. मुकादम सुट्टी देत नव्हता. शाळेने तक्रारीसाठी बोलावलं तरच दोन दिवस सोडत असे. हे कळल्यावर गोगलगाईने कार्ड भरलं. ध्येय: लाल शेरे. आकडा: तीन. मुदत: महिनाअखेर. सरांनी रकाने भरलेत एवढंच पाहिलं आणि सही ठोकली.

अडचण एवढीच होती, की पोराला वाईट वागण्याची सवय नव्हती. त्याने गृहपाठ केला नाही आणि विचारल्यावर मुद्दाम केला नाही म्हणून सांगून टाकलं. खरं बोलल्याबद्दल हिरवा शेरा मिळाला. मग तो तास चालू असताना वर्गातून पळाला, तर फाटकापाशी पहिलीतलं एक पोर रस्ता चुकून रडत उभं होतं. त्याला हाताला धरून वर्गात पोचवावं लागलं. पुन्हा हिरवा. शेवटी जिवावर उदार होऊन त्याने, ज्याला सगळे टरकून असत त्या वर्गातल्या ‘रणगाड्या’ला धक्का दिला. रणगाडा मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. वर्षभरात माझ्याजवळ आपणहून आलेला तू पहिलाच, म्हणाला. दोघांची डबा वाटून खाण्याइतकी दोस्ती झाली आणि गोगलगाईच्या कपाळी आणखी एक हिरवा आला.

महिनाअखेरीस तो आदर्श विद्यार्थी ठरला. त्याचं ध्येय वर्गाला वाचून दाखवावं म्हणून सरांनी कार्ड उघडलं आणि तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहिले. वर्ग सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवून घेतलं.

“हे काय लिहिलंयस रे?”

“तीन झाले की बाबा येतात ना, सर.”

“अरे, मग कौतुकासाठी बोलावू की त्यांना.”

“कौतुकाला सुट्टी नाही मिळत. विचारून झालंय माझं.”

चाळीस कार्डांवर आपण नुसत्या सह्या करत आलो, याची सरांना फार लाज वाटली. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि नियमात बसवून लिहिलं: ठरवलेलं ध्येय गाठलं नाही. मुदत पाळली नाही. तिसऱ्या शेऱ्यापाशी पेन थोडं अडखळलं. त्यांनी लिहिलं: कोणाची मदत मागितली नाही.

चौथ्या दिवशी वडील थेट कामाच्या कपड्यांतच शाळेत आले. पोराने त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती. वडिलांनी मान खाली घातली.

“सर, सुधारेल ना हा?”

“अवघड दिसतंय,” मोजपट्टी सर गंभीरपणे म्हणाले. “तुम्हाला दर महिन्याला यावं लागेल. मुकादमाला तसं लेखी देतो मी.”