धागोजीचं घरटं आणि सुळेसाहेबांची दारं

एका जंगलात वाघ नव्हता. सर्व्हर होता.

हसायचं नाही, बाळांनो. वाघ म्हातारा होऊन गेला. त्याच्या रिकाम्या गुहेत गारवा बरा होता, म्हणून तिथे सर्व्हर आणून ठेवला. फरक म्हणाल तर एवढाच, की वाघ अधूनमधून बाहेर येऊन जंगलात काय चाललंय ते बघायचा.

या सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाची एक ढोली होती. कुठल्याही झाडावर बसावं, नाव सांगावं, पासवर्ड पुटपुटावा, की आपली ढोली आपल्यापुढे हजर. शिकलेले लोक तिला होम फोल्डर म्हणतात. म्हणोत. ढोलीच्या आत एक कोनाडा होता. त्यात जे मांडाल ते साऱ्या जंगलाला दिसायचं. ती तुमची वेबसाइट.

सर्व्हर आला आणि जंगलात नवी रीत पडली. कोनाड्यात दिसतं ते आहे. दिसत नाही ते नाही.

आता धागोजीकडे वळू. धागोजी हा सुगरण पक्षी. या पक्ष्यांत घरटं विणतो नर आणि नाव मात्र सुगरण. बायकांच्या कामाला पुरुषांची नावं लागलेली मी जन्मभर बघत आले. एका ठिकाणी उलटं झालं तर माझी तक्रार नाही.

तर नर अर्धं घरटं विणतो. मादी येऊन ते पारखते. पसंत पडलं तर खालची नळी विणून घर पुरं करायचं आणि संसार मांडायचा. नाही पडलं तर बसायचं पुढच्या हंगामापर्यंत वाऱ्याशी बोलत.

धागोजीचं घरटं नदीकाठच्या बाभळीवर होतं. एकेक पातं निवडून विणलेलं. त्याने त्याचे फोटो कोनाड्यात मांडले आणि वाट बघू लागला. कुणी फिरकलं नाही. कारण जी कुणी त्याची साइट उघडायची, तिला एकच पाटी दिसायची :

आत येण्याची परवानगी नाही.

गवत पिवळं पडायला लागलं होतं. ते वाळलं की हंगाम संपला. धागोजी बाभळीवरून उडाला. तो गुहेत गेला.

गुहेत सुळेसाहेब बसत. हे हत्ती, सर्व्हरचे मुख्य अधिकारी. त्यांच्या हाताखाली एक माकड होतं.

"साहेब, माझी साइट कुणाला दिसत नाही हो."

"बंद करून परत चालू केलीत?" माकडाने विचारलं.

"केली."

"मग परत बंद करा."

सुळेसाहेबांनी सोंडेने माकडाला बाजूला सारलं आणि स्वतः तपासायला घेतलं. धागोजीच्या ढोलीशी गेले, आत शिरले, थेट कोनाड्यापर्यंत पोचले.

"मला दिसतंय," ते म्हणाले. "छान विणलंय. चला, पुढचा कोण?"

"पण साहेब, बाकीच्यांना..."

"मला दिसतंय म्हणतोय ना मी?"

पुढची होती रुणी. तीही सुगरणच, पण मादी. लग्नाची, आणि जिभेला धार.

"मी या हंगामात घरं बघत फिरतेय," ती म्हणाली. "सगळ्यांच्या साइट उघडतात, या भाऊसाहेबांची तेवढी उघडत नाही. कोनाडा उघडा असेल हो यांचा. पण कोनाडा ढोलीच्या आत, आणि ढोलीच्या बाहेरच्या दाराला यांनी कडी घातलीय. मी काय भिंतीतून येऊ?"

"आत माझं निवडलेलं गवत आहे," धागोजी ओशाळून म्हणाला. "चोरीची भीती वाटते."

"काहीतरीच. मी गेलो तेव्हा दार उघडंच होतं," सुळेसाहेब म्हणाले.

"तुम्ही हत्ती आहात, साहेब. तुम्ही जाता तिथे दार उघडंच असतं. एखाद्या चिमणीला पाठवून बघा," रुणी म्हणाली.

माकडाने शेपटी आवरून घेतली. सुळेसाहेबांचे कान हलायचे थांबले.

बाळांनो, करायचं होतं थोडंसंच. बाहेरची कडी काढायची. येणाऱ्याला कोनाड्यापर्यंत जाऊ द्यायचं. बाकी कशाला हात लावू द्यायचा नाही. पण ते चिमणीएवढं काम, आणि साहेब पडले हत्ती.

"असं का," सुळेसाहेब म्हणाले. "दारं आहेत म्हणूनच तक्रारी आहेत. सगळ्यांची सगळी दारं काढून टाका. कुणीही कुठेही जावं, काहीही घ्यावं, काहीही ठेवावं."

माकड दारं काढायच्या कामाला लागलं.

तेवढ्यात रुणीने धागोजीला विचारलं, "बरं, घरटं आहे तरी कुठे तुमचं?"

गुहेच्या तोंडातून नदीकाठची बाभूळ समोर दिसत होती. घरटं झुलत होतं.

"साइट सुरू होईलच की आता," धागोजी म्हणाला. "तिथेच बघा ना. फोटो फार सुरेख आलेत."

रुणी निघून गेली. धागोजी तिथेच बसला. काम झाल्याची पोच घेतल्याशिवाय जायचं नाही, अशी गुहेची शिस्त होती.

जंगलात फुगोजी नावाचा आणखी एक सुगरण होता. त्याने उभ्या जन्मात पात्याला चोच लावली नव्हती. दारं निघाली तसा तो धागोजीच्या ढोलीत शिरला. फोटो उचलले आणि आपल्या कोनाड्यात नेऊन मांडले. मग त्याला वाटलं, फोटो आपले, मग घरटं कुणाचं? तो बाभळीवर जाऊन बसला.

रुणीने धागोजीची साइट उघडली. उघडली एकदाची. कोनाडा मोकळा.

"एवढ्यासाठी मी रांगेत उभी राहिले," ती म्हणाली, आणि तिने फुगोजीची साइट उघडली.

धागोजी पोच घेऊन आनंदात परतला, तेव्हा त्याच्या घरट्यातून दोन शेपट्या दिसत होत्या. आपले फोटो फुगोजीच्या साइटवर बघून तो तसाच उलटा गुहेकडे उडाला.

"साहेब, माझं घरटं फुगोजीच्या साइटवर दिसतंय."

"दिसतंय ना?" सुळेसाहेब म्हणाले. "तुमची तक्रारच होती की दिसत नाही म्हणून."

माकडाने मान डोलावली. पुढच्या वर्षी सुळेसाहेबांचा सत्कार झाला. दारांबद्दल एकही तक्रार उरली नव्हती, कारण एकही दार उरलं नव्हतं.

इकडे धागोजी त्याच पावली परत बाभळीवर आला.

"अहो बाई, हे घरटं मी विणलंय."

रुणीने डोकं बाहेर काढलं. "तुमची साइट बघितली मी. मोकळी आहे."

"मला आत तरी येऊ द्या. दाखवतो कुठलं पातं कुठे खोवलंय ते."

"आत येण्याची परवानगी नाही," रुणी म्हणाली.

धागोजीला हे शब्द कुठेतरी वाचल्यासारखे वाटले.

रुणीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग आत पसरलेल्या फुगोजीकडे बघितलं. बाई शहाणी होती. तिला सगळं कळलं.

"खालची नळी अर्धी राहिलीय," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना जमेलसं दिसत नाही. गवत वाळायच्या आत तेवढी विणून द्या. बाहेरूनच."

आणि धागोजीने विणायला घेतली. फार सुरेख विणली म्हणतात. फोटो फुगोजीच्या साइटवर आहेत.

तात्पर्य : ज्याला कुठलंच दार बंद नसतं, त्यालाच दारं तपासायला बसवावं. तक्रार करणारा रांगेत असेपर्यंत त्याचं घर दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतं, आणि जंगलात बेघर म्हणून कुणी राहत नाही. धागोजी सोडून. पण त्याची साइट आता सगळ्यांना दिसते.