सुलभाताईंची चौपेडी वेणी

आमच्या शेजारच्या सुलभाताईंना माणसाचं नाव, गाव, नोकरी यातलं काही जाणून घ्यायचं नसतं. त्यांचा पहिला प्रश्न एकच, "हायस्कुलात केस कसे होते हो तुमचे?"

कुणालाही विचारतात. रिक्षावाल्याला, सिलिंडर आणणाऱ्याला, पंचवटीच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करता करता भाजीवालीला. उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न ठरलेला, "आणि विंचरून कोण द्यायचं?" मग हनुवटीवर हात ठेवून इतकं मन लावून ऐकतात की मेथीवाली गिऱ्हाइकं सोडून आईच्या आठवणी सांगत बसते आणि मी पिशवी घेऊन उन्हात ताटकळते.

"वहिनी, माणूस पंधराव्या वर्षी भांग पाडतो ना, तस्साच पुढे वागतो," हा त्यांचा सिद्धांत. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या डोक्यावर आज औषधालाही केस नाही. भर मीटिंगमध्ये ताईंनी त्यांना विचारलं. ते बिचारे ओशाळून म्हणाले, "मधला भांग होता."

"तरीच! पाण्याची टाकी या अंगाला बसवायची की त्या, तुमचं कधीचं ठरत नाहीये."

टाकी पुढच्याच आठवड्यात बसली.

माझ्या लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी ताईंना बजावलं होतं, "आज तोंडाला कुलूप घाला, तुमच्या पाया पडते." बाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि मुलाच्या वडिलांसमोर बशी ठेवत म्हणाल्या, "तुमचे हो? हायस्कुलात?" मला वाटलं, झालं, लग्न मोडलं. पण अर्धा तास 'हं' पलीकडे काही न बोललेला तो माणूस एकदम खुलला. "कानांवर! पार कानांवर केस! मी झोपेत असताना वडिलांनी कात्री चालवली हो एका बाजूला. शाळेत टोपी घालून गेलो!" स्वतःच इतके हसले की ठसका लागला. लग्न जमलं. जावई गुणी निघाला म्हणून मी ताईंना माफ केलं, नाहीतर काही खरं नव्हतं.

एवढं जगाला विचारणारी ही बाई. पण "तुमचे कसे होते?" असं कुणी म्हटलं रे म्हटलं, की ताईंना गॅसवरचं दूध आठवतं. दरवाजा बंद.

गेल्या थंडीत त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणींनी देवळाली कॅम्पात एक हॉल घेऊन भेटायचं ठरवलं. अट एकच. सगळ्यांनी शाळेतल्यासारख्या दोन वेण्या वर बांधून, लाल रिबिनी लावून यायचं. मला वाटलं, ताई आता हवेत तरंगतील. तर त्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी जाणार नाही."

मग पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या सातवीत असताना आई गेली. इगतपुरीकडच्या गावात भातशेती, घरात त्या आणि वडील, म्हणजे नाना. नानांना वेणी कुठून यायला? पोळ्याला बैलांसाठी रंगीत दोऱ्यांचे चारपेडी गोफ वळायचे, तेवढी एकच वीण त्या हातांना ठाऊक. तीच लेकीच्या डोक्यावर. "वर्गात शिरले की पोरी ओरडायच्या, 'पोळा आला गं, पोळा!' दहावीपर्यंत मला नाव नव्हतं वहिनी. पोळाच."

"मग नानांना सांगायचं ना!"

"कसं सांगू? रोज विचारायचे, पोरी काय म्हणाल्या वेणीला? मी म्हणायचे, सगळ्या विचारतात, एवढी छान कुणी घातली. असे खूश व्हायचे!"

आणि आता पंचाऐंशीचे नाना ताईंच्या गॅलरीत खोबरेल तेलाची बाटली आणि फणी घेऊन उजाडल्यापासून बसले होते. फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. "सुले, ये लवकर. पोरी वाट बघत आसतील तुझ्या येणीची!" गेलं तर पुन्हा पोळा, न गेलं तर नानांना काय सांगायचं?

मला रडकं बोलणं सहन होत नाही. "उठा. त्या बायांपैकी एकीनं जरी तोंड वाकडं केलं ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

नानांनी वेण्या घातल्या. केस पातळ झालेले, पण घट्ट, तुळतुळीत, चारपेडी. मी ताईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि हॉलवर नेऊन उभं केलं.

दारातच विमल नावाची एक दांडगी बाई किंचाळली, "अगं बाई, पोळा आला!" सगळ्या फिसकन हसल्या. ताईंचा चेहरा असा पडला की माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी पदर खोचणार, तेवढ्यात कुणीतरी फुगडीची टूम काढली.

काय ती फुगडी! पन्नाशी उलटलेल्या बाया आणि अंगात वारं भरलेलं. रिबिनी उडाल्या, वेण्या सुटल्या, झिंज्या तोंडावर आल्या. विमलबाईंचं गंगावन निसटलं ते थेट जिलेबीच्या ताटात. एकेक जण धापा टाकत खुर्चीवर पडली. उभ्या राहिल्या त्या आमच्या ताई. वेणी जागची हलली नव्हती, एक बट इकडची तिकडे नाही. मी तर उभी राहून शिट्टी मारली.

विमल हाफत जवळ आली. वेणी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "चार पेड? कुणी गं घातली एवढी छान?"

बाकीच्याही भोवती जमल्या. "सांग ना, कुणी घातली?"

जगाला प्रश्न विचारणाऱ्या ताईंना आज जग विचारत होतं. मग मान ताठ करून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्या नानांनी!"

पुढच्या रविवारी आमच्या जिन्यात बायांची ही रांग. गॅलरीत नाना, पुढ्यात पाटावर विमल, शेजारी तेलाची वाटी धरून ताई आणि नाक खुपसायला मी.

"शाळंतबी आशाच इचारायच्या ना गं तुम्ही, कुणी घातली म्हनून?" नाना विंचरता विंचरता म्हणाले. "ही घरी येऊन सांगायची मला."

ताईंनी मान खाली घालून वाटीतल्या तेलात बोट बुडवलं. विमलला मान वळवता येत नव्हती, पण तिरक्या नजरेनं तिनं ताईंकडे पाहिलं.

"हो नाना," विमल म्हणाली. "रोज विचारायचो."

"मंग तव्हाच यायचं का नाय घरी!" असं म्हणून नानांनी पेड असा आवळला, की विमलच्या डोळ्यांना धार लागली. केस ओढले म्हणूनच पाणी आलं, असं ती अजून सांगते.